१८२६ सालची चिकटलेली पानं

जर्मनीतल्या लिंडेनशाइट गावच्या चर्चच्या किल्ल्या आल्विना हेल्डमानकडे असत. घंटा वाजवायची, फरशी पुसायची, हिवाळ्यात शेगडी पेटवायची, ही कामं आधी तिचा बाप कॉनराड करायचा. तो गेल्यावर तीच करू लागली. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. फक्त एका बाबतीत बाई चक्रम आहे, असं सगळे म्हणत. वेदीमागच्या खोलीत लोखंडी पट्ट्यांचं कपाट होतं आणि त्यात बाप्तिस्मा, लग्न आणि मयताच्या तीनशे वर्षांच्या वह्या होत्या. त्यातलं कुणी काही विचारलं, की आल्विना आधी उलट विचारायची, "कशाला हवंय?"

"आजीची जन्मतारीख हवी होती, आल्विनाबाई. थडग्याच्या दगडावर कोरायला."

"दगडवाल्यानं मागितली, की तुम्हालाच सुचलं?"

समोरचा हसायचा. ती हसायची नाही. दोन दिवसांनी तारीख चिठ्ठीवर लिहून द्यायची, पण वही कुणाच्या हाती देत नसे. नवा पाद्री हार्टविग आला, तरुण आणि उत्साही. तो म्हणाला, "आल्विनाबाई, या वह्या शहरातल्या संग्रहात पाठवू या. तिथे त्यांचे फोटो काढतात. आगीची भीती नाही, वाळवीची नाही." त्यावर ती म्हणाली, "इथे वाळवी नाही." पुढची दोन वर्षं तिला त्या कपाटाची किल्लीच सापडत नव्हती, आणि पाद्रीबुवाही समजून चुकला की ती सापडणार नाही.

१९८३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेहून पत्र आलं. विस्कॉन्सिनमधल्या कुणा अर्डिस लेनहार्ट नावाच्या बाईचं. त्या वर्षी तिकडे जर्मन माणसं पोचल्याला तीनशे वर्षं होत होती, आणि जो तो आपली पाळंमुळं शोधायला निघाला होता. बाईनं लिहिलं होतं: माझे पणजोबा कास्पर लेनहार्ट तुमच्या गावचे. जन्म १८२६. त्यांच्या आईबापांची नावं मिळतील का?

आल्विनानं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. तीनशे वर्षांच्या वह्या, आणि या बाईला नेमकं १८२६ च हवं होतं! तिच्या मनात पाल चुकचुकली. तिनं उत्तर लिहिलं: त्या सालची पानं ओलीनं खराब झाली आहेत, वाचता येत नाहीत, क्षमस्व. तिकीट लावलं आणि विषय संपला, असं स्वतःला सांगितलं.

पानं ओलीनं खराब झालेली नव्हती. ती आल्विनानंच चिकटवली होती.

ती सोळा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. हिटलरचं राज्य येऊन दोन वर्षं झाली होती. नोकरी टिकवायची तर घराण्यात कुणी ज्यू नाही हे दाखवायला आजी-आजोबांपर्यंतचे बाप्तिस्म्याचे दाखले द्यावे लागत. चर्चच्या खोलीसमोर रांग लागायची. तेव्हाच्या पाद्रीबुवांची नजर गेलेली, बापाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आल्विनाला मात्र ते जुनं, टोकदार, एकमेकांत गुंतलेलं अक्षर वाचताही येई आणि सुरेख लिहिताही येई. ते तिला शिकवलं होतं गावच्या शाळेतल्या आल्बाख मास्तरांनी. मास्तर रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. ऑर्गनचा भाता तीच हलवायची.

एका दुपारी मास्तर स्वतःच आपला कागद घेऊन आले. "घे गं, माझाही लिही एकदाचा. तुझ्या हातचा असला म्हणजे शाळा तपासणारा तरी खूश होईल."

तिनं वही उघडली. मास्तरांची आजी सापडली. बाप्तिस्मा १८४६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी. शेजारी लिहिलं होतं: पूर्वी मोझेसच्या धर्माची. म्हणजे ज्यू. आल्विनानं जसंच्या तसं उतरवलं. त्याचा अर्थ काय होईल हे तिला कळलं नाही, असं ती पुढे स्वतःला सांगायची. पण ते खरं नव्हतं. लिहिताना तिचा हात थांबला होता. मग तिला वाटलं, वहीत आहे ते वहीत आहे, आपण काय करणार.

महिन्याभरात मास्तरांची नोकरी गेली. सामान न्यायला कुणी गाडी दिली नाही. हाइनरिश बेख्त म्हणून गावातला मोठा शेतकरी होता. तो तर शाळेच्या दारात उभा राहून मोठ्यांदा म्हणाला, "माझे बैल असलं ओझं ओढत नाहीत." मास्तर आणि त्यांची बायको पायी स्टेशनवर गेले. वाटेत आल्विना समोर आली. मास्तर म्हणाले, "दाखला पाहिला मी. अक्षर छान वळलंय तुझं." ते रागानं म्हणाले, की कौतुकानं, हे तिला कधीच कळलं नाही. कासेल शहरातून एक पोस्टकार्ड आलं, नंतर काही नाही.

तीन वर्षांनी, १९३८ च्या वसंतात, तोच हाइनरिश बेख्त टोपी हातात घेऊन उभा राहिला. नव्या कायद्यानं वडिलोपार्जित शेत राखायचं आणि स्वतःला शेतकरी म्हणवून घ्यायचं, तर वंश थेट १८०० सालापर्यंत दाखवावा लागे. "लवकर दे," तो म्हणाला. "तालुक्याचा साहेब खनपटीला बसलाय. आमच्यात काय निघणार म्हणा, आम्ही इथल्या मातीतले."

आल्विना शोधत मागे गेली आणि १८२६ वर आली. उजव्या पानावर नोंद होती: हन्ना, गुरांचे व्यापारी सालोमन यांची मुलगी, वय एकोणीस, हिनं बाप्तिस्मा घेतला, नाव मारिया ठेवलं. त्याच्या पुढच्याच आठवड्यात या मारियाचं लग्न लागलं होतं, योहान बेख्तशी. ती हाइनरिशची पणजी होती, जन्मानं ज्यू.

आल्विनाला आधी हसू आलं, मग घाम फुटला. असलं ओझं ओढत नाहीत म्हणणाऱ्याचे बैल, शेत, घर, सगळं तिच्या टाकाच्या टोकावर येऊन बसलं होतं. लिहावं असं तिला वाटलं. मनापासून वाटलं. पण लेखणी दौतीत बुडवली आणि तिला मास्तर स्टेशनच्या वाटेवर दिसले. हाइनरिशचा सहा वर्षांचा मुलगा एर्विनही दिसला. दुपारी तिनं राय धान्याच्या पिठाची चिकट खळ केली, ती दोन समोरासमोरची पानं एकमेकांना चिकटवली, वर इस्त्री ठेवली. दाखल्यावर लिहिलं: मारिया, परगावची, १८२६ ची पानं ओलीनं निकामी. पाद्रीबुवांनी न बघताच शिक्का मारला. तालुक्याच्या साहेबापुढे असे शंभर कागद होते. तोही पुढे गेला.

तिनं हे कुणालाही सांगितलं नाही. बापालाही नाही, हाइनरिशला तर नाहीच. पण त्या नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाला, हेल्डमानांच्या दाराशी एक सोललेलं बदक ठेवलेलं होतं. पुढच्या वर्षीही. कुणीतरी पाहिलं, हाइनरिश बेख्त ठेवून जातो. आल्विनाला वाटलं, याला कळलंय. हा आपलं तोंड बंद ठेवायला आलाय, किंवा जाळं टाकतोय. तिनं त्या बदकाचा घास कधी घेतला नाही. पाद्रीबुवांच्या स्वयंपाकघरात नेऊन द्यायची. युद्ध संपलं, १९५१ मध्ये बाप गेला, त्याच वर्षी हाइनरिशही गेला, आणि बदक यायचं थांबलं. पानं मात्र तशीच राहिली. आता कसली भीती, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण एकदा माणसाच्या नावावरून काय काय होतं ते पाहिल्यावर, ते पुन्हा होणार नाही, यावर तिचा विश्वास बसेना.

जूनमध्ये अर्डिस लेनहार्ट स्वतः येऊन उभी राहिली.

साठीची, रुंद खांद्यांची, पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली. चीजच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काम करून निवृत्त झालेली. आल्विना चर्चच्या पायऱ्या झाडत होती. बाई जवळ आली आणि तिनं तोंड उघडलं, तशी आल्विनाच्या हातातला झाडू थांबला.

"तुमीच का वो आल्विनाबाई? म्या अर्डिस. तुमचं पत्र गावलं. म्हनलं, पानं न्हाई तर न्हाई, निदान गाव तरी बगून यावं."

अशी बोली आल्विनाच्या आजीनंतर गावात कुणी बोललं नव्हतं. रेडिओनं, शाळेनं ती कधीच पुसून टाकली होती. आणि ही अमेरिकेची बाई ती बोलत होती, जशी काय कालच दूध घालायला गेली होती.

"ही भाषा कुठे शिकलात?"

"शिकायची कशाला? घरात हीच. आमच्या वाडीत समदेच असं बोलत्यात."

आल्विनाचा संशय उलट वाढला. इतकी तयारी कोण करतं? जमिनीवर हक्क सांगायला आली असेल. नाहीतर मास्तरांच्या नात्यातली असेल, नाव बदलून आलेली. तिनं बाईला चर्च दाखवलं, ऑर्गन दाखवला, कपाट दाखवलं नाही. बाईनं ऑर्गनचे फोटो काढले. ऑर्गनचे का, हे आल्विनाच्या मनात घर करून राहिलं.

एर्विन बेख्त आता गावप्रमुख होता. अमेरिकेची पाहुणी आल्यावर त्याच्या उत्साहाला उधाण आलं. वर्तमानपत्रवाल्याला बोलावलं, बँड लावला, सभागृहात चेरीचा केक आणि सफरचंदाची वाइन ठेवली. आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "उद्या सकाळी दहा वाजता आपल्या आल्विनामावशी पाहुण्यांना जुनी वही दाखवतील!"

टाळ्या झाल्या. आल्विना त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "कुणाला विचारून बोललास?"

"मावशी, पुरे झालं आता." एर्विननं आवाज खाली आणला. "गाव काय म्हणतं, माहीत आहे? त्या काळात दाखले कुणी लिहिले, ते सगळ्यांना माहीत आहे. कॉनराडकाकांनी काय काय केलं ते बाहेर पडेल म्हणून तुम्ही कपाटावर बसून आहात."

"माझ्या बापानं एक अक्षर लिहिलं नाही."

"मग माझा बाप दर वर्षी तुमच्या दाराशी बदक का ठेवत होता? मी लहान होतो, आंधळा नव्हतो. घरात आम्हाला पाय मिळायचे आणि अख्खं बदक हेल्डमानांकडे! कसला दंड भरत होता तो? काय धरून ठेवलं होतंत तुम्ही त्याच्यावर?"

सांगावं असं आल्विनाच्या ओठावर आलं होतं. पण सभागृहात बँड वाजत होता. ती म्हणाली, "उद्या दहाला," आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं बाप्तिस्म्याची वही टेबलावर ठेवली आणि स्वतः बाजूला पहाऱ्यासारखी उभी राहिली. एर्विनला वर्तमानपत्रवाल्याला घेऊन यायला उशीर होता. अर्डिसला ते जुनं अक्षर वाचता येत नव्हतं, पण आकडे कळत होते. १८२५. पान उलटलं. १८२७.

ती थांबली. तिनं मधलं पान दोन बोटांत धरलं, चोळलं, उजेडाकडे केलं. मग वाकून त्याचा वास घेतला.

"बाई," ती म्हणाली, "पस्तीस वरसं म्या चीजवर फडकी डकवली. ओलीनं चिकटलेलं येगळं आन् खळीनं चिकटवलेलं येगळं. ही पानं कुनीतरी मुद्दाम चिकटवल्यात."

आल्विनानं वही आपल्याकडे ओढली.

"माज्या पणजोबाचं काय वाईट हाय का त्यात? चोर हुता का? खुनी? सांगा, म्या मरत न्हाई."

"तुमच्या पणजोबांचं मला काही माहीत नाही."

"मंग लपवताय काय?"

"तुम्ही आधी सांगा," आल्विना एकदम म्हणाली, "तुम्हाला खरंच काय हवंय? नाव मिळालं, की पुढे काय करणार?"

अर्डिस खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आमच्यात बायबल हुतं. थोरलं. पैल्या पानावर समद्यांची नावं, कास्परच्या मागचीबी. सन १९१८ मंदी, जर्मनीशी लढाई चाललेली त्या टायमाला, शेजारीपाजारी जर्मन मानसाच्या दाराला पिवळा रंग फासायचे. पुस्तकं काडून जाळायचे. माज्या आज्ज्यानं इचार केला, त्यांनी जाळायच्या आदी आपनच जाळावं. चुलीत घातलं बायबल. माजा बाप तवा तीस वरसांचा गडी. त्यानं मरंस्तवर ती नावं आठवायचा प्रयत्न केला. त्याला फकस्त कास्पर आन् साल आठवलं. मला दुसरं काय करायचं न्हाई. लिवून ठेवायचं हाय."

आल्विनानं खिडकीतून बाहेर बघितलं. बाईचं बोलणं तिनं उलटंपालटं करून पाहिलं, जसं ती सगळ्यांचंच करायची. कुठे शिवण उसवलेली दिसली नाही.

"ऑर्गनचे फोटो का काढलेत?"

"ऑर्गन?" अर्डिसला कळेना. "ग्वाड दिसला म्हनून."

आल्विनानं वही काखेत मारली. "चला."

तिच्या स्वयंपाकघरात किटली उकळू लागली. वाफेवर पान धरून ती कांदा सोलायच्या बोथट सुरीनं कड सोडवत गेली. पाऊण तास लागला. अर्डिस टेबलाची कड धरून बसली होती. शेवटी चर्र आवाज झाला आणि दोन्ही पानं सुटली, पिठाचे पिवळे डाग सोडून. तीन-चार शब्द तेवढे फाटले.

डाव्या पानावर कास्पर होता. आल्विनानं वाचलं, "कास्पर. आई काटारिना लेनहार्ट, मोलकरीण. बाप..." ती अडखळली. "बापाचं नाव नाही. अनौरस." मग समासातली बारीक ओळ वाचली. "१८४७ मध्ये आईसह अमेरिकेला. जहाजाचं भाडं गावानं भरलं, गरिबांचा भार कमी व्हावा म्हणून."

अर्डिस खोखो हसली. "म्हंजी हाकललं आमाला! आन् काल बँड लावला!" हसता हसता तिनं डोळे पुसले. "काटारिना. काटारिना... बापाला ठावं असतं तर."

मग तिनं उजव्या पानावर बोट ठेवलं. "आन् हे कोन?"

तेवढ्यात दार ढकलून एर्विन आत आला. लालबुंद. "चर्चला कुलूप! वर्तमानपत्रवाला ताटकळतोय! मावशी, हे काय चाललंय?" मग त्याला किटली दिसली, सुटलेली पानं दिसली. "अच्छा! तर हे होतं. काय पुसायचं होतं तुम्हाला?"

"बस, एर्विन," आल्विना म्हणाली. "हे तुझं पान आहे."

तिनं वाचलं. हन्ना, सालोमनची मुलगी. तिनं दाखल्याचं सांगितलं, खळीचं सांगितलं, त्याचा बाप टोपी हातात घेऊन कसा उभा होता ते सांगितलं. सगळं मिळून पाच मिनिटं. पंचेचाळीस वर्षं मनात धरलं होतं, ते इतक्या लवकर संपलं याचंच तिला नवल वाटलं.

एर्विन खुर्चीच्या कडेवर टेकला. "बाबांना माहीत होतं?"

"त्याला काय माहीत होतं ते मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. बदकाचं तूच मला काल सांगितलंस की तो दंड होता. मला तर आजवर वाटत होतं, तो आमच्यावर पाळत ठेवून आहे."

एर्विन बराच वेळ पानाकडे बघत राहिला. त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. मग हळूच म्हणाला, "परत चिकटवता येईल का?"

"काय?"

"लोक काय म्हणतील असं नाही. पण... कशाला उगाच? मुलीचं लग्न व्हायचंय. कोण काय बोलेल..."

"नाही," आल्विना म्हणाली. "मी एकदा लिहिलं, एकदा लपवलं. दोन्ही करून झालं माझं."

"तुम्ही खोटं कशावरून बोलत नसाल? हे मलाच वाचता येत नाही!"

"मग कुणाकडून तरी वाचून घे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मीही ठेवला नसता."

तो दार आपटून गेला. अर्डिसनं किटलीतल्या उरलेल्या पाण्याची कॉफी केली आणि न विचारता दोन कप भरले. मग म्हणाली, "ते मास्तर? त्यांचं फुडं काय झालं?" आल्विनानं सांगितलं, माहीत नाही. कधी विचारलंच नाही, कारण विचारायचं म्हणजे कुणाला तरी आपलं नाव सांगायचं. आल्बाख मास्तरांचं नाव तिनं अठ्ठेचाळीस वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं. अर्डिसनं ते आपल्या वहीत, लेनहार्टांच्या खाली, लिहून घेतलं. अमेरिकेतून शोधते म्हणाली.

तिचं उत्तर सप्टेंबरात आलं. मास्तर १९४१ मध्ये कासेललाच हॉस्पिटलात वारले होते, छातीच्या दुखण्यानं. बायको युद्धानंतर हॅम्बर्गला. आल्विनानं पत्र वाचलं, आणि हे खरं कशावरून, असं तिच्या मनात आलंच. पण सोबत मयताच्या दाखल्याची प्रत होती. तिनं ती दिव्याखाली धरून शिक्का तपासला, मगच रडली.

वह्या पुढच्या वर्षी शहरातल्या संग्रहात गेल्या. आल्विनाला किल्ली आपोआप सापडली.

एर्विन आठ महिने तिच्याशी बोलला नाही. चर्चमध्ये तोंड फिरवून बसायचा. गावाला वाटलं, बदकाचं जुनं भांडण. मग एका मार्चच्या सकाळी तो गाडी घेऊन तिच्या दाराशी आला, उतरला नाही, काच खाली करून म्हणाला, "मावशी, कोट घाला."

"कुठे?"

"बसा तर. पळवून नेत नाही."

त्यानं गाडी तालुक्याच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला नेली. तिथे जुनी ज्यू दफनभूमी होती. किल्ली कुणाकडून तरी आणली होती. दगड कलंडलेले, शेवाळलेले. एर्विन म्हणाला, "सालोमन गुरांचा व्यापारी होता ना. म्हणजे इथेच कुठेतरी असेल. तुम्ही वाचा."

आल्विनानं चष्मा लावला. वाकून एकेक दगड पाहिला. लिंडेनशाइटच्या तीनशे वर्षांत तिला वाचता येणार नाही असं अक्षर नव्हतं. इथलं एकही येत नव्हतं.

"येत नाही मला," ती म्हणाली.

"खरं सांगताय?"

"खरं सांगतेय, बाबा. ही हिब्रू आहे."

एर्विननं तिच्याकडे संशयानं पाहिलं, मग हसू आलं त्याला. "मग आता कुणाला विचारायचं?"

"फ्रँकफर्टला हिब्रू वाचणारं कुणीतरी असेल," आल्विना म्हणाली. तिनं पर्समधून कागद-पेन्सिल काढली, पहिल्या दगडासमोर गुडघे टेकले आणि आकार जसेच्या तसे उतरवायला घेतले. एर्विन पुढच्या दगडावरचं शेवाळ नखानं खरवडू लागला.